तोंडावर बोट

स्वयंपाकघरातली ट्रॉली खटकन बंद झाली आणि मी दचकून माइक बंद केला. मागोमाग रडणं ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा चालू केला. घरून काम करायची माझी सवलत पुढे ठेवायची की नाही, हे याच मीटिंगमध्ये ठरणार होतं. ती गेली असती, तर चार वर्षांच्या रेणूला सांभाळायला दुसरं कोणीच नव्हतं.

आमच्या घरचा नियम साधा आहे. आईच्या कानांवर हेडफोन, की रेणूच्या तोंडावर बोट. सुरुवातीला तो खेळच होता.

"मॅडम, तुमच्याकडे लहान मूल आहे असं कधी वाटतच नाही हो," पाटणकर सर कौतुकाने म्हणाले. "बाकीच्यांकडे बालवाडी भरलेली असते नुसती! तुमची सवलत पक्की. कसं जमवता, ते यांनाही शिकवा जरा."

सगळे हसले. मीही हसले, आभार मानले आणि हेडफोन न काढताच रेणूला सांगायला आत धावले.

ती ट्रॉलीला टेकून उभी होती. उजव्या हाताचं मधलं बोट चेंगरून काळंनिळं पडलं होतं. डाव्या हाताचं बोट तिने ओठांवर घट्ट दाबून धरलं होतं आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अगं सोन्या, हाक का नाही मारलीस?"

तिने नुसतं माझ्या कानांकडे पाहिलं. मी हेडफोन ओढून काढला.

"आई, आता रडू?"