बॅटरी सापडत नाही

नवऱ्याला पत्ता लागू न देता रांगहिल्ड घर सोडून बर्गनला आली, त्याला तीन आठवडे झाले होते. सोबत आणलेला जुना लॅपटॉप 'बॅटरी सापडत नाही' एवढंच दाखवत होता. चार्जर बदलून पाहिला, तरी तेच.

दुरुस्तीवाल्या स्वेरेने बॅटरीचं कवच उघडलं आणि दिवा जवळ ओढून आत पाहिलं.

"बाई, आतले सेल कुणीतरी काढून टाकलेत. त्या जागी ही बारकी डबी बसवलीय. तुम्ही कुठे आहात ते कळवत राहते ही."

रांगहिल्ड काउंटरवर झुकली. "बंद करा ती! आत्ताच्या आत्ता!"

तिच्या पाठीमागे दुकानाचं दार उघडलं.

"बसा साहेब, या बाईंचं आटोपतच आलंय," स्वेरे म्हणाला.



"होऊ द्या सावकाश. मी नवराच आहे तिचा."