घरच्यांची सही

मोजे हवे होते सात जोड, निघाले सहा. सुभेदारांनी पिशवी काउंटरवर उलटी करून झटकली, तेव्हा एक सुटा मोजा तेवढा बाहेर पडला. स्टोअरकीपरने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि यादीत साडेसहा लिहिलं.

या स्टोअरकीपरला सगळी पलटण मामा म्हणायची. सहीशिवाय या मामांच्या हातून कुठल्याही भाच्याला कधी साधी बुटाची नाडी मिळाली नव्हती. सुभेदारांनी घोंगडीकडे बोट करून विचारलं, की हीच मला परत मिळणार असेल तर घेऊनच जाऊ का? मामा म्हणाले, आधी जमा करायची. राखीव दलाचा माल वेगळा, त्याचं कपाट वेगळं आणि त्याची यादीही वेगळी. घोंगडी मागच्या ढिगावर जाऊन पडली.

बावीस वर्षांचा संसार असा एकेक करून मागे फेकला जात होता आणि सुभेदार नुसते बघत उभे होते. फार दमले होते. कालपासून क्वार्टर रिकामं करणं चाललं होतं, जिन्यावरून कपाट उतरवताना कंबर धरली होती. पण खरा शीण कंबरेत नव्हता. तो खिशात होता, चार घड्या केलेला, गेले नऊ दिवस.

पांढरा फॉर्म म्हणजे फौजेतून कायमची सुटी. पिवळा म्हणजे राखीव दल: महिन्यातून दोन दिवस, वर्षातून एकदा पंधरा, आणि वर बोलावणं येईल तेव्हा. बायकोला त्यांनी पांढऱ्याचा शब्द दिला होता. मग साहेबांनी बोलावून पाठीवर हात ठेवला, नव्या भरतीला नकाशा वाचायला कोण शिकवणार म्हणाले, आणि सुभेदार तिथेही मान डोलावून आले. बायकोला आज सांगू, उद्या सांगू करत नऊ दिवस गेले. गोळीबारात पुढे सरकलेला हा माणूस स्वयंपाकघराच्या दारातून रोज माघारी फिरत होता.

मामांनी पिवळ्या फॉर्मच्या घड्या मोडल्या आणि बोट खालच्या रकान्यावर आणून थांबवलं.

“घरच्यांची सही कुठाय?”

बायको बाहेर ट्रकपाशी आहे, सही आणतो, असं सुभेदार म्हणाले खरे, पण जागचे हलले नाहीत. मामांनी अशी माणसं तीस वर्षं पाहिली होती. ते चष्मा पुसत बसले. पाच वाजता रजिस्टर बंद होतं, एवढंच म्हणाले, त्यानंतर हा कागद रद्दीत. सुभेदारांना क्षणभर वाटलं, तसंच होऊ दे. कुणाला काही सांगायलाच नको.

पण तीच आत आली. ट्रकवाला कटकट करत होता आणि स्टोअरच्या शिक्क्याशिवाय सामान गेटबाहेर सोडत नव्हते. तिच्या केसांत धूळ होती, तळहातांना दोरीचे वळ. शिक्का मागायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर काउंटरवर गेली.

तिने कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत वाचला, मुलीचं प्रगतिपुस्तक वाचायची तसा, एकही रकाना न गाळता. मग नवऱ्याला नाही, मामांना विचारलं की बोलावणं आलं तर काय. चोवीस तासांत हजर व्हावं लागतं, मामा म्हणाले. आणि हे कधीपर्यंत? पन्नाशीपर्यंत, वहिनी.

“तुझी इच्छा नसेल तर राहू दे,” सुभेदार म्हणाले.

सगळं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून ते मोकळे झाले, आणि झाल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“तुम्हाला जायचंय का?” तिने विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. कुठे जायचं, कधी निघायचं, कुणाला हजेरी द्यायची, हे सगळं सांगणारे होते. त्यांनी मनात शोधून पाहिलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. नऊ दिवसांत तिच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

ती बाकावर बसली. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला, कुणीच लक्ष दिलं नाही.

“मी नाही म्हटलं तर याल तुम्ही घरी,” ती थकल्या आवाजात म्हणाली. “पण येऊन खिडकीशीच बसाल. आणि ते बघत मी बसेन.”

मग उठून तिने मामांच्या पुढ्यातलं पेन घेतलं आणि उभ्याउभ्याच सही केली. अक्षर वाकडं आलं. दोरी ओढून बोटं आखडली होती. नवऱ्याकडे न बघताच तिने कागद मामांकडे सरकवला.

मामांनी शिक्का मारला. ट्रकची चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या कपाटाचं कुलूप काढलं. आत नवेकोरे बूट खोक्यांत रचून ठेवले होते. जुन्या कागदावर आठ नंबर होता, बावीस वर्षांपूर्वी भरतीच्या दिवशी लिहिलेला.

“हा माल जरा घट्ट येतो,” मामा म्हणाले. “आठ चालेल ना?”

“हो, चालेल,” सुभेदार लगेच म्हणाले.

ती दारापर्यंत गेली होती. तिथूनच वळली.

“नऊ द्या, मामा. पाय सुजतात त्यांचे. आणि त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका. मलाही ते हो म्हणाले होते.”