फळीवरचा गडू

हिंगणघाटच्या गिरणीमागं धुरपताची झोपडी होती. दारापुढच्या नालीवर झोपड्यांच्या साऱ्या ओळीतली लेकरं परसाकडं बसायची आणि त्याच नालीच्या काठावर बाया भांडी घासायच्या. त्रेपन्न सालचा उन्हाळा लागला तशी तिच्या दोन वर्षांच्या प्रेमदासला हगवण लागली.

"आत्याबाई, त्याले पाणी देऊ काय थोडंसं?" तिनं सासूला विचारलं.

"अवं, फुटक्या मडक्यात पाणी ओतलं त गळनच ना? एक घोट बी देऊ नोको," सीताबाई म्हणाली. तिची स्वतःची तीन लेकरं याच दुखण्यात गेली होती, त्यामुळं या बाबतीत सगळी ओळ तिचाच शब्द मानायची.

धुरपतानं पाण्याचा गडू उचलून वरच्या फळीवर ठेवला. लेकरू तरीही फळीकडे बोट करी आणि कोरड्या ओठांनी "पानी, माय" म्हणे. त्याला दिसू नये म्हणून ती स्वतः शेजारणीकडे जाऊन पाणी पिऊन यायची. हळूहळू त्याचं बोट वर उचलेनासं झालं, आणि एका सकाळी मागणंही थांबलं.

पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं गाठोडं दारात ठेवलं होतं. माणसं त्याला उचलायला वाकली, तेव्हा सीताबाईनं त्यांना थांबवलं. तिनं फळीवरचा गडू काढला आणि सुनेच्या हातात दिला.



"पाज वं बाई, पाज. जाणाऱ्याले तहानलेलं धाडू नाई."