लोकसंख्येची घनता

मोजणीचा साहेब भर उन्हात सगळा कातळसडा फिरला आणि शेवटी माईच्या खळ्यात येऊन टेकला. सड्यावर घर असं हे एकच. माईने गूळ-पाणी पुढे केलं. तांब्या रिकामा झाल्यावर त्याने कागद काढला.

"आजी, पंच म्हणून इथे सही करा. स्थानिक रहिवाशाची लागते."

"काय लिवलंस ता आधी वाच."

"भूरूप, पठार. जमिनीचा वापर, पडीक."

माईने मागे बोट दाखवलं. कातळ फोडून, डोक्यावरून माती आणून तिने जगवलेले काजू मोहरले होते.

"मगे ही कलमां कोणी लायली? देवचारान?"

"नकाशात ती दिसत नाहीत, आजी."

"फुडे वाच."

"लोकसंख्येची घनता, शून्य."

माईने त्याच्या हातातलं पेन घेतलं. शून्यावर काट मारली, शेजारी ठसठशीत एक लिहिला आणि कागद परत दिला.

"अहो, सही राहिली!"

"एक ठेवशीत तर आत्ता करतंय. शून्यच ठेवूचा असात, तर सही कोणाची घेशीत?"