दुसरा तुंबा

नदीपलीकडचे बंदूकवाले चांद्याच्या जंगलात शिरल्याची दवंडी झाली, तेव्हापासून वारलूची नजर शेजारच्या लटारूवरून हटेना. लटारू घरात एकटा जीव, तरी रोज सकाळी आंबिलीचे दोन तुंबे भरून जंगलात जायचा आणि दोन्ही रिकामे घेऊन परतायचा.

"दुसरा तुंबा कोनाचा गा, लटारूभाऊ?" वारलूनं एकदा विचारलंच.

"तुले काऊन पाहिजे?" म्हणत लटारूनं दार लावून घेतलं.

वारलूच्या थोरल्या भावाला याच जंगलात वाघानं नेल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याची तेरवी उरकल्यापासून वारलूनं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. पण आता त्याला घास गोड लागेना. शेवटी ठाणेदाराला आणि दोन शिपायांना घेऊन तो लटारूच्या मागावर निघालाच.

दाट बांबूत एक खोपटं होतं. ठाणेदारानं बंदूक रोखली. "कोन आहे आत? बाहेर निघ."

बोटं झडलेला एक महारोगी सरपटत बाहेर आला. त्यानं बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू मले इथी सोडून गेला, वारलू. माह्या तेरवीले कितीजन जेवले गा?"