तळ्याकाठचा मुक्काम

तंबूची शेवटची दोरी ताणून होते न होते तोच धरणाच्या भिंतीवरून तीन माणसं खाली उतरताना दिसली. दोघांच्या हातांत काठ्या होत्या. पुढचा म्हातारा रिकाम्या हाताचा होता, पण सगळ्यांत झपाट्यानं तोच येत होता.

भिवाजी मास्तरनं दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या. त्याची बायको पंचफुला तीन दगडांच्या चुलीपाशी काड्या मोडत बसली होती. ती उठली नाही.

"ओ पाव्हणं, ही बाई कोण?" म्हाताऱ्यानं आल्या आल्याच विचारलं.

"आमची मंडळी."

"मंडळी घेऊन कुनी रानात ऱ्हाते का? घर न्हाई तुमाला?"

"आहे ना. वसमतला शाळेवर आहे मी. नाताळाची सुट्टी लागली. काल हट्ट्याला मुक्काम केला, आज मोटारीनं इकडं आलो. नवं धरण बघावं म्हणलं." भिवाजी भरभर बोलत होता. "तंबू शाळेतल्या स्काउटचा आहे. फिरायला निघालोत आम्ही."

"फिरायला," म्हातारा मागं वळून म्हणाला. एक काठीवाला हसला. दुसरा हसला नाही. त्यानं काठीच्या टोकानं तंबूचं तोंड उचलून आत पाहिलं. आत एक वळकटी होती, एक पिशवी आणि कंदील.

"आमच्या गावची एक पोरगी पळून गेली," तो म्हणाला. "आठ दिस झाले, पत्ता न्हाई. आन् तुमी म्हणता, फिरून राहिलो. लगीन झाल्याचा काय पुरावा हाय?"

भिवाजीनं उगाच खिसा चाचपला. असा पुरावा कोण बरोबर घेऊन फिरतं?

"पुरावा?" पंचफुला चुलीपासूनच बोलली. "सकाळी औंढ्याच्या स्टँडवर ह्यांनी मिठाची पुडी इसरली. तवापासून मी बोलून राहिले अन् हे ऐकून राहिले. पळवून आणलेल्या बाईचं कुनी एवढं ऐकते का?"

म्हातारा खो खो हसला. पहिला काठीवालाही हसला. "माणिकराव, बायकोच हाय ही," तो म्हणाला, आणि काठी जमिनीला टेकवून तिच्यावर रेलला.

म्हातारे माणिकराव एका दगडावर बसले. सैलावले. धरणाला पाणी किती, वसमतला हळदीचा भाव काय, असं काहीबाही निघालं. मग सहज त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणलं, मास्तर?"

भिवाजीनं आडनाव सांगितलंच नव्हतं. त्यानं एकदा काठ्यांकडं पाहिलं, एकदा वरच्या सडकेकडं. सडक मोकळी होती.

"कदम," तो म्हणाला.

पंचफुलाच्या हातातली काडी मोडायची राहिली.

"कदम! मंग आपलेच की!" माणिकराव उठले. "अन् बाई, तुमी चूल काहून पेटवून राहिल्या? इझवा ती. घरी चला. आमची रुख्मिणीबाई भाकरी टाकूनच राहिली. जेवा अन् ओसरीवर निजा. हितं थंडीचं कुडकुडत काहून पडता?"

"कशाला उगी तकलीफ..."

"तकलीफ कसली, मास्तर!" त्यांनी भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

पंचफुला उठली. तिनं पदर कमरेला खोचला.

"बाबा, आमी कदम न्हाई. खिल्लारे आमी. बौद्ध."

चुलीत ओलं सरपण चिरचिरत होतं. माणिकरावांचा हात खांद्यावरून निघाला. घाईनं नाही, पण निघाला.

"मास्तर," ते म्हणाले, "मंग खोटं काहून बोललात?"

वर्गात भिवाजी तासतासभर बोलत असे. आता त्याला एकच शब्द सापडला.

"भ्यालो."

माणिकरावांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ काही कळला नाही. तिघंही आले तसे परत निघाले. जेवणाचं कुणी पुन्हा काढलं नाही. भिंतीवर पोचल्यावर ते थांबले. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण काठीवाल्यांचे हात जोरजोरात हलत होते. मग ते पलीकडं उतरून दिसेनासे झाले.

"आवर," भिवाजी म्हणाला. "औंढ्याची शेवटची मोटार यायची आहे. ते आता गाव घेऊन येतील."

"मी न्हाई येत."

"पंचफुला, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी माहेर बघितलं, सासर बघितलं. तिसरं काही बघितलंच न्हाई. चल, तळं दाखवतो, असं तुमीच म्हणलात. मंग बघू द्या मला." तिनं एक काडी चुलीत सारली. "जायचं तं कदमानं जावं."

मोटार आली. भिंतीच्या टोकाशी थांबली. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "औंढा, औंढा! येता का?"

भिवाजी धावतच चढ चढून वर गेला. पंचफुलानं वळून पाहिलं नाही. वर घंटी वाजली, गाडीनं गियर बदलला आणि तिचा आवाज लांब लांब जात विरून गेला. मग मुरमावर पावलं वाजली. भिवाजी खाली येत होता. तो येऊन चुलीच्या पलीकडं बसला. तिनं पीठ मळायला घेतलं. त्यानं चुलीत फुंकर घातली.

दिवस मावळला. तळ्याचं पाणी आधी तांबूस झालं, मग काळं. तव्यावर दुसरी भाकरी पडली तेव्हा भिंतीवर एक उजेड दिसला. कंदील होता. तो हलत हलत उतरणीला लागला. त्याच्यामागं एक माणूस आहे की दहा, ते कळत नव्हतं.

पंचफुलानं चुलीतलं एक जळतं लाकूड ओढून हातात घेतलं.

भिवाजी उठला. त्यानं ते लाकूड तिच्या हातातून काढून परत चुलीत सारलं. मग तो चुलीचा उजेड सोडून अंधारात दहा-वीस पावलं पुढं गेला आणि ओरडला,

"मी भिवाजी खिल्लारे! वसमतचा! कोण आहे?"

कंदील जागच्या जागी थांबला. थोडा वेळ तसाच राहिला. मग पुन्हा खाली येऊ लागला.