सापडलेलं कार्ड

"माझं बसचं कार्ड हरवलंय. ते बंद करा, त्यावरची सगळ्या प्रवासाची नोंद पुसून टाका. हात जोडते," नाव सांगून ती बस डेपोच्या खिडकीशी धापा टाकत म्हणाली.

"एवढं काय घाबरायचं, ताई? सापडलंय," कारकून हसला. "त्यावर नोंदवलेल्या नंबरला मी लगेच फोनही केला."

कार्ड नवऱ्यानं काढून दिलं होतं. घर सोडताना तिनं सिम मोडलं, नोकरी सोडली, केससुद्धा कापले. कार्डावरचा त्याचा नंबर तेवढा राहून गेला.

"साहेब रडलेच हो! रोज कुठे चढता, कुठे उतरता, सगळं विचारून घेतलं."

"मी आले होते हे त्यांना सांगू नका. पाया पडते तुमच्या!"

"अहो, सांगायचं कशाला?" कारकुनानं तिच्या मागच्या बाकाकडे हात केला. "साहेब, आल्या बघा ताई!"